आजींच्या वहीची बेरीज

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. चाळीतल्या ज्या आजींकडे तू रोज जाऊन बसतोस, त्यांनी अबोला धरलाय म्हणून तू जेवलाही नाहीस, असं तुझी आई म्हणाली. आधी जेवून घे. सोळा वर्षांच्या मुलावर अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई रुसते, म्हणजे ती तुला पोर समजत नाही. नातवाने आगाऊपणा केला तर दोन शिव्या हासडून आजी त्याला वाढायला बसते. रुसवा असतो तो बरोबरीच्या माणसावर.

आता झालं काय, ते बघ. त्यांनी ट्रंकेतली खानावळीची वही काढून तुझ्या हातात दिली. तू पडलास कॉमर्सवाला. पानं उलटलीस, मोबाइलवर बेरीज केलीस, वर व्याज चढवलंस आणि ‘आजी, तुमचे एवढे बुडाले’ म्हणून मोकळा झालास. गणित बरोबरच असेल तुझं. पण ती कसली उधारी होती, हे तू विचारलं नाहीस.

लालबाग-परळात तू नव्या इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर वाढलास, त्यामुळे खाली काय होतं ते तुला कुणी सांगितलं नसणार. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून गिरणीत आलेले गडी बायकामुलं गावी ठेवून येत. एका खोलीत वीस-पंचवीस जण. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याच्या वळकटीची जागा मोकळी व्हायची. या माणसांचं जेवण खानावळवाल्या बायकांकडे, महिन्याच्या बोलीवर. पगार झाला की पैसे. तोवर तांदूळ, पीठ, रॉकेल बाईने वाण्याकडून उधार आणायचं किंवा सावकाराकडून पैसे उचलायचे. या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तुझ्या अभ्यासक्रमात लघुउद्योगांचा धडा आला, तर आजींना विचार. पुस्तकात नसलेलं बरंच कळेल.

मग १८ जानेवारी १९८२ ला कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले. पगार बंद म्हणजे खानावळीचे पैसेही बंद. तरी अनेक जणींनी चूल विझू दिली नाही, उधारीवर जेवू घातलं. पुढे माणसं गावाकडे पांगली, कित्येक परत आलीच नाहीत. तुझ्या हातातली वही त्या काळातली आहे. आजी तेव्हा पस्तिशीच्या. त्या पानांवर त्यांना माणसं दिसतात: कुणाला आंबट लागायचं, कुणाला रात्रपाळीहून आल्यावर भाकरी गरमच हवी असायची, कुणी गावाहून मुद्दाम हरभरे आणून दिले. त्या माणसांनाच तू आजींसमोर ‘बुडवे’ ठरवलंस.

(आणि एक बारीकशी गोष्ट. आजींना लिहिता येत नाही, असं तूच मला मागे सांगितलं होतंस. मग वहीतलं अक्षर कुणाचं? विचारून बघ, पण आत्ता नको.)

माफीचं भाषण मात्र करू नकोस. तुमच्या पिढीला ‘सॉरी’ची फार घाई असते, आणि ते ऐकून समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते. नेहमीच्या वेळी जा आणि काम माग. लसूण सोलायला बस, भाजी निवड. परवा तू लिहिलं होतंस ना, की त्या तुला ज्वारीची भाकरी शिकवत होत्या आणि तुझी सारखी कडेने चिरत होती? पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असेल. दुकानातलं पाकीट कधीचं दळलेलं असतं, कुणास ठाऊक. गिरणीवरून शेर-दोन शेर ताजं दळून घेऊन जा. गरम पाण्याने मळायला सांगतील, तळव्याच्या टाचेने रगडायला लावतील, तुझी भाकरी पुन्हा नकाशासारखी होईल आणि त्यावर त्या काहीतरी खवचट बोलतील. बोलल्या की अबोला संपला.

त्यांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग करतोस ते वाईट नाही. पण रोज फोन पुढे धरलास तर त्या साक्ष दिल्यासारख्या बोलायला लागतील. आठवड्यातला एक दिवस ठरवा, विचारून चालू कर, आणि ‘हे नको’ म्हणाल्या तर तेवढं त्यांच्यासमोरच पुसून टाक. बाकीचे दिवस नुसतं बस. तुझंही सांग की त्यांना. अकाउंट्सच्या चाचणीत काय झालं, ती क्लासमधली मुलगी बोलली का नाही, मित्र तुला ‘वृद्धाश्रम’ म्हणून का चिडवतात. तू फक्त ऐकत राहिलास तर हळूहळू समाजसेवक होशील, आणि आजींना समाजसेवक नको आहे. चाळीतून तसे बरेच येऊन गेलेत.

कधी कधी त्या भलतंच उत्तर देतात, असं तू लिहिलंस. मला वाटतं त्यांना ऐकायला कमी येतं. वयाने कान आधी बारीक, उंच आवाज गमावतो. मग स, फ, त, थ असली अक्षरं हरवतात. बोलणं चालू आहे हे कळतं, काय बोललं ते कळत नाही. ओरडून उपयोग नाही, आवाज फक्त फाटतो. उजेडाकडे तोंड करून समोर बस, टीव्ही बंद कर, जरा सावकाश बोल. नाहीच कळलं तर तेच वाक्य पुन्हा म्हणण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांग. कान तपासायला नेण्याचा विषय मात्र त्यांच्या मुलाने काढू दे.

मुलावरून आठवलं. तो बदलापूरहून दर रविवारी येतो आणि तुझ्याकडे संशयाने बघतो, याचं तुला वाईट वाटतं. वाटू नये. चाळ पुनर्विकासाला गेलीय, दहा बाय बाराच्या खोलीची किंमत आज काय आहे ते तुला माहीत आहे, आणि म्हाताऱ्या आईच्या घरात रोज एक परका मुलगा बसतो. त्याच्या जागी मी असते तर मीही चौकशी केली असती. तेव्हा हे पक्कं ठरव: बिल्डरचं संमतीपत्र असो, बँकेचं काही असो, आजींनी वाचून मागितलं तर मोठ्याने वाचून दाखव आणि ‘मुलाला विचारा’ म्हण. सही कुठे करायची ते दाखवायलासुद्धा बोट लावू नकोस. एटीएमचा पिन सांगायला लागल्या तर कानावर हात ठेव. श्रावणबाळ योजनेच्या हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत सोबत खुशाल जा. पैसे काढायला मुलगा किंवा त्या स्वतः.

येत्या रविवारी मुलगा असतानाच जा. ‘काका’ म्हण, कुठे राहतोस, आई काय करते, सगळं आपणहून सांग, नंबर दे. आईलाही एकदा वर घेऊन जा. तिने दिलेला डबा आजी रिकामा परत करणार नाहीत, तूही त्यांचा करू नकोस. दोन घरांची ओळख झाली की तुझ्या जाण्या-येण्याला कुणी काही म्हणणार नाही.

पाटणला गावच्या जत्रेला आजींना न्यायचं तुझ्या डोक्यात आहे, तो बेत मला आवडला. दोन्ही घरांची परवानगी, सोबत एक मोठं माणूस, आणि परीक्षा झाल्यावर. पंचाहत्तरीच्या पुढे एसटीत तिकीट लागत नाही, तेव्हा आजी फुकट जातील आणि तुला पूर्ण भाडं पडेल. त्यावरून वाटभर ऐकून घ्यावं लागेल, तयारी ठेव.

ताजं पीठ उद्याच दळून आण. आईशी मी रात्री बोलते.

तुझ्या
बाई