कुणाला विचारलंस?

प्रिय लेकी,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. खासदारांनी संसदेत शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळेत, गाझावर बोलावं म्हणून तू टिपण लिहिलंस. कार्यालयातला एक म्हणाला, आपल्याकडे मुसलमान मतदार आहेत, बोलायलाच हवं. दुसरा म्हणाला, हिंदू नाराज होतील, विषयच नको. शेवटी टिपणावर काट बसली, आणि तू मला विचारतेस की परराष्ट्र धोरण असंच ठरतं का.

मी तुला उलट विचारतो. त्या दोघांनी मतदारसंघात कुणाला विचारलं होतं? आणि तू कुणाला विचारलंस?

जुलै 2008. मी आपल्या भागातल्या एका खासदारांचा स्वीय सहायक होतो. अमेरिकेशी होणाऱ्या अणुऊर्जेच्या कराराला विरोध म्हणून डाव्यांनी सरकारचा पाठिंबा काढला होता आणि 22 तारखेला विश्वासदर्शक ठराव होता. आपल्याकडे परदेशाशी झालेला करार संसदेच्या मंजुरीला येत नाही, त्यामुळे खासदाराला बोट ठेवायला जागा मिळते ती अशीच, आडून. मुस्लिम समाज कराराच्या विरोधात आहे असं दिल्लीत उघड बोललं जात होतं. साहेबांनी मला विचारलं, "आपल्याकडं काय हवा?" मी दोन पुढाऱ्यांना फोन लावले आणि सांगून टाकलं, "समाज नाराज आहे, साहेब." सरकार 275 विरुद्ध 256 नं तरलं.

पुढच्या फेब्रुवारीत परभणीच्या उरुसात, तुराबुल हक दर्ग्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी तोच विषय काढला. एक म्हातारे चाचा बशीत चहा ओतत होते. त्यांनी बशी खाली ठेवली. "हमसे किसने पूछा, साब? बिजली आती बोले तो अच्छाच है ना." तेव्हा गावोगाव भारनियमन, रात्री दोनला उठून पाणी द्यायचे लोक. मी धर्म मोजत होतो, आणि चाचांच्या डोक्यात विजेची मोटार होती.

वेळ नव्हता, हे खरंच आहे. फोन खाली ठेवता येत नव्हता, माझ्या जागी दुसऱ्या कुणीही हेच केलं असतं. पण परभणीला एक माणूस पाठवायला काय लागलं असतं? एक रात्र आणि एसटीचं तिकीट.

तुमच्या वर्गात अमेरिकेचं उदाहरण देतात ना, जॅक्सन-व्हॅनिक? सोव्हिएत ज्यूंना देश सोडू देत नाहीत तोवर व्यापारी सवलत नाही, अशी तरतूद 1974 च्या कायद्यात बसली. ज्यू मतदारांचा दबाव, एवढं लिहून मुलं मोकळी होतात. अगं, ती तरतूद आणणारे सिनेटर हेन्री जॅक्सन स्वतः ख्रिश्चन, आणि त्यांच्या वॉशिंग्टन राज्यात ज्यू मूठभर! सोव्हिएतविरोध त्यांच्या हाडीमासी होता, 1976 ची अध्यक्षपदाची उमेदवारीही डोळ्यांपुढे होती. आणि ती तरतूद सोव्हिएत संघ बुडाल्यावरही रशियाला 2012 पर्यंत चिकटून राहिली. मतदारांची धर्मवार यादी काढून यातलं काय कळणार होतं तुला?

धर्माचा जोर नसतोच असं मी म्हणत नाही. फाळणीत पलीकडे राहिलेल्या गुरुद्वारांचं दर्शन घडो, हे मागणं शिखांच्या रोजच्या प्रार्थनेत, अरदासमध्ये आहे. नांदेडला कुठल्याही शीख आजोबांना विचार, तोंडपाठ म्हणून दाखवतील. 9 नोव्हेंबर 2019 ला पाकिस्तानातल्या कर्तारपूरच्या गुरुद्वाराची वाट उघडली. तिथं लोक काय मागतात याचा अंदाज बांधावा लागला नाही, ते रोज मोठ्यानं मागत होते. तुझ्या कार्यालयातल्या त्या दोघांनी असं काय ऐकलं होतं? कुणाच्या तोंडून? कुठल्या गावात?

चिडलो असेन तर राग मानू नकोस. ही नोकरी सोडायचा विचार मात्र डोक्यातून काढ. अधिवेशन संपलं की थेट परभणीला ये. काकू वाट बघतेय, ज्वारीची भाकरी आणि ठेचा करीन म्हणते. खोडलेलं टिपण बरोबर आण. एक दिवस जिंतूरकडं जाऊ, एक दिवस मोंढ्यात बसू. टिपण तू वाचून दाखवायचंस, मी गप्प बसेन.

तुझा,
काका