गोळी वहीत नाही, पोटात गेली पाहिजे

अगं, गावात आशा सेविका म्हणून नवीनच लागली आहेस तर एक सांगते. गरोदर बाईला रक्तवाढीच्या, लोहाच्या लाल गोळ्या दिल्या, वहीत नोंद केली, की झालं असं समजू नकोस. पुढच्या भेटीत रिकामी पाकिटं बघायला माग. माझ्या एका बाईचं हिमोग्लोबिन ८ वरून हलेना; भरलेली पाकिटं सापडली ज्वारीच्या डब्यामागे! शौचाला काळं होतं म्हणून बिचारी घाबरली होती. ते होतंच, आधीच सांगून ठेव. चहाबरोबर गोळी नको, कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी.

खरं काम सासूपाशी असतं. ‘जास्त खाल्लं की बाळ मोठं होऊन अडतं’ हे तीच सांगते, आणि सून सगळ्यांच्या मागून तळाची पातळ आमटी खाते. दोष देऊ नकोस, चुलीपाशी बस. मोडाची मटकी, शेवग्याचा पाला, वर लिंबू पिळून. अंडं-मटण चालत असेल तर उत्तमच. गूळ-शेंगदाणे खुशाल खाऊ दे, पण ते गोळीची जागा घेत नाहीत.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ७ च्या खाली दिसलं, तर त्याच दिवशी रुग्णालयात, आणि शक्यतो तू सोबत जा.