'सन-इन-लॉ' म्हणजे जावईच का?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका ताईंनी विचारले आहे: "आमची सून तिकडचीच. तिच्या एका पूर्वजाचे, मॅसॅच्युसेट्स वसाहतीतले १६७० च्या सुमाराचे मृत्युपत्र मी नातवंडांसाठी मराठीत उतरवते आहे. त्यात एका मुलाला 'सन-इन-लॉ' म्हटले आहे. मी 'जावई' लिहिले. पण मृत्युपत्रात तर सगळे मुलगेच आहेत, मुलगी एकही नाही. मग जावई आला कुठून? आणखी एक 'नेफ्यू' आहे, त्याला भाचा म्हणू की पुतण्या?"

ताई, तुमची शंका अगदी योग्य जागी आली आहे. 'जावई' तूर्त खोडा, पण त्या जागी घाईने दुसरा शब्दही लिहू नका.

त्या काळच्या इंग्रजीत 'इन-लॉ' आजच्यापेक्षा बरेच ऐसपैस होते. लग्नामुळे जोडले गेलेले कुठलेही जवळचे नाते त्यात बसे. त्यातला 'लॉ' म्हणजे चर्चचा कायदा. कुणाचे कुणाशी लग्न निषिद्ध, हे तो ठरवी, आणि लग्नाने जुळलेल्या नात्यांनाही तो रक्ताच्या नात्यांसारखाच निषेध लावी. त्यामुळे मुलीचा नवरा 'सन-इन-लॉ' आणि बायकोचा आधीच्या नवऱ्यापासून झालेला मुलगाही 'सन-इन-लॉ'. 'मदर-इन-लॉ' म्हणजे सासू किंवा सावत्र आई. ही सरमिसळ इंग्रजीत एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. वसाहतीत विधवा आणि विधुर पुन्हा लग्न करत आणि एका चुलीवर दोन-तीन लग्नांची मुले जेवत, हे लक्षात घेतले की तो शब्द किती कामाचा होता ते कळते.

तुमच्या कागदात एक खूण शोधा. त्या मुलाला 'एकवीस वर्षांचा झाल्यावर' अमुक द्यावे असे लिहिले असेल, तर तो जावई असण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. त्याचे आडनाव वेगळे असेल तर गृहस्थांच्या पत्नीचे आधीचे लग्न झाले होते का ते पाहा. मात्र मृत्युपत्रात मुलगी नाही म्हणजे मुलगी नव्हतीच, असे धरू नका. लग्नात वाटा देऊन झालेल्या मुलीचे नाव कधी कधी गाळले जाई, आणि वारलेल्या मुलीचा नवरा जावई म्हणून मागे राहिलेला असू शकतो.

आता 'नेफ्यू'. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो आपल्या घरातला आहे. ऋग्वेदात अग्नीला 'अपां नपात्' म्हटले आहे, म्हणजे जलाचा वंशज. त्याच नपात्-नप्तृ पासून मराठी 'नातू' आला आणि नप्ती पासून 'नात'. लॅटिनमध्ये त्याच कुळातला शब्द 'नेपोस', मुळात नातू आणि पुढे भावाबहिणीचा मुलगाही. फ्रेंचमधून तो इंग्रजीत जाऊन 'नेफ्यू' झाला, आणि 'नेप्टिस'चे झाले 'नीस'. जुना अर्थ इंग्रजीत बराच काळ जिवंत होता. शेक्सपिअरच्या १६१६ च्या मृत्युपत्रात एलिझाबेथ हॉलला 'नीस' म्हटले आहे. ती त्याच्या थोरल्या मुलीची, सुझानाची मुलगी, म्हणजे चक्क नात. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर १६२० नंतर उतरलेली माणसे हीच इंग्रजी बोलत आली होती. १६७० पर्यंत तो अर्थ विरळ झाला होता, म्हणून तुमचा 'नेफ्यू' बहुधा भावाचा किंवा बहिणीचा मुलगा असेल. तरी त्याचे वय आणि मृत्युपत्र करणाऱ्याचे वय ताडून पाहाच.

'कझिन' दिसला तर आणखी सावध. त्याचे मूळ लॅटिन 'कोन्सोब्रिनुस', म्हणजे नेमका मावसभाऊ. पण वसाहतीच्या कागदांत तो भाचा, पुतण्या, चुलतभाऊ, दूरचा नातलग अशा सगळ्यांसाठी येतो. 'ब्रदर' मेहुणाही असतो, साडूही, आणि प्युरिटन मंडळींत नुसता चर्चमधला सहधर्मीसुद्धा.

यात नवल वाटू नये. जुन्या मराठी घरांत सून सासऱ्याला 'मामंजी' आणि सासूला 'आत्याबाई' म्हणे. तीनशे वर्षांनी एखादा परका माणूस ती पत्रे वाचून सासरा म्हणजे आईचा सख्खा भाऊ असे लिहील, आणि काही घरांत तो खरोखर मामाच असेल! शब्द एकच, पण घर कुठले ते कळल्याशिवाय अर्थ लागत नाही.

आणखी दोन-तीन ठिकाणी ठेच लागते. 'माय नाऊ वाइफ', म्हणजे 'माझी सांप्रतची पत्नी', यावरून आधीची एक पत्नी होती असे पुष्कळ जण धरतात. तसे ते सिद्ध होत नाही. ही बायको वारली आणि आपण पुन्हा लग्न केले, तर तिच्यासाठी लिहिलेला हक्क नव्या बायकोकडे जाऊ नये, म्हणून वकिली काळजीने ते शब्द घालत. 'ऑर्फन' म्हणजे बाप वारलेले मूल, आई हयात असली तरी. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' बाप-लेकच असतात असे नाही. एका गावात एकाच नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो 'सीनियर', आणि तो वारला की काल 'ज्युनियर' असलेलाच आज 'सीनियर' होई. काका-पुतण्यांचे असे घोटाळे अनेक वंशावळींत शिरले आहेत.

भाषांतरापुरता माझा सल्ला असा. मराठीत नाते लिहायचे म्हणजे आईकडचे की बापाकडचे, रक्ताचे की लग्नाचे, हे ठरवावेच लागते. आपली भाषा मोघम राहू देत नाही. म्हणूनच भाषांतर करताना जे प्रश्न पडतात ते इंग्रजी वाचकाला सुचतही नाहीत, आणि तुम्हाला पडले ते यामुळेच. पण पुरावा हाती नसताना 'भाचा' लिहिले, तर जे कागदात नाही ते तुम्ही कागदात घातले असे होईल. तोवर 'सन-इन-लॉ' आणि 'नेफ्यू' असेच देवनागरीत ठेवा आणि शेजारी संभाव्य अर्थ लिहा. मग गृहस्थांच्या पत्नीचा पहिला नवरा शोधा. त्याच्या मागे झालेल्या वाटणीचे कागद काउंटीच्या दफ्तरात मिळाले आणि त्यात मुलांच्या यादीत या मुलाचे नाव निघाले, की निर्धास्तपणे 'सावत्र मुलगा' लिहा.