भाऊ चार महिने दारू सोडून पुन्हा प्यायला. केंद्रातले उपचार वाया गेले का?

नाही, वाया गेलेले नाहीत. पण थांबू नका, याच आठवड्यात त्याला समुपदेशकाकडे परत न्या. व्यसन हा मधुमेह-रक्तदाबासारखा उलटणारा आजार आहे, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन-संशोधन संस्थेच्या (NIDA) अंदाजानुसार उपचारांनंतर ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घसरतात. व्यसनमुक्तीच्या कामात मी कायम हेच पाहते की घसरण पहिल्या घोटाच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते: फॉलोअपला दांडी, ‘आता बरा आहे’ म्हणून गोळ्या बंद, झोप उडालेली, पगाराच्या दिवशी जुन्या मित्राचा फोन. म्हणून ‘का प्यायलास?’ असं न विचारता ‘आधीच्या दोन-चार दिवसांत काय काय झालं?’ हे शांतपणे विचारा आणि दोघांनी मिळून लिहून काढा. पुढच्या वेळी कुठे सावध व्हायचं ते त्यातच सापडतं. आणि कळकळीची विनंती, कुणी कितीही सांगितलं तरी जेवणात लपवून दारू सोडायची गोळी देऊ नका. ही गोळी म्हणजे बहुतेकदा डायसल्फिराम, आणि ती पोटात असताना तो प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.

मात्र तो पुन्हा रोज भरपूर पीत असेल, तर घरात कोंडून एकदम दारू तोडू नका. दोन-तीन दिवसांत फिट येणं, भ्रम होणं असे धोके असतात, अशा वेळी आधी रुग्णालयच गाठा. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १४४४६ या सरकारी मोफत हेल्पलाइनवर विचारा.