“तो वाईट नाही, तरी मलाच सारखे चुकल्यासारखे वाटते”

“मॅडम, तो वाईट नाही. मारत नाही, व्यसन नाही, लग्नाचे घरी त्यानेच आधी सांगितले. तरी माझेच काहीतरी चुकते आहे असे मला सारखे वाटत राहते. मी जास्त विचार करते का?” सांगलीत समुपदेशन करताना हा प्रश्न मी अनेक तोंडून ऐकत आले आहे, विचारणाऱ्यांत मुली अधिक असल्या तरी मुलगेही असतात. येथे जिच्याविषयी लिहीत आहे ती विश्रामबागेत नोकरी करणारी, पंचविशीतली मुलगी. तिच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत मी मारहाण, धमक्या, फोटो पसरवण्याची भीती यांविषयी स्पष्ट विचारून घेते. तसे काही असेल तर दोघांना एकत्र बसवत नाही आणि १८१ या महिला हेल्पलाइनसह सुरक्षिततेचाच विचार आधी करते. या मुलीच्या बाबतीत तसे काही नव्हते. मात्र नात्याविषयी थेट काही विचारले, की ती लगेच त्याची बाजू मांडू लागे: त्याच्यावर घरची जबाबदारी आहे, तो पटकन दुखावतो, त्याच्यावाचून माझे कसे होणार. अशा वेळी मी सिनेमातला एखादा प्रसंग सांगायला सांगते, कारण स्वतःच्या नात्यात जे दिसत नाही ते पडद्यावर बघताना माणसाला आधी कळते आणि मग मान्य करणे सोपे जाते.

तिने २०१६ सालचा नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ निवडला. त्यातली गाणी आणि शेवट बहुतेकांना आठवतो. तिला मात्र हैदराबादची ती खोली आठवत होती, जिथे परशाच्या मनात आर्चीविषयी संशय शिरतो, तो तिच्यावर हात उचलतो, ती निघून जाते आणि नंतर परत येते. प्रसंग सांगताना तिने परशाची कारणे तपशीलवार सांगितली: परके गाव, कष्ट, असुरक्षितता. आर्चीला काय वाटले असेल, हे तिने सांगितलेच नाही. मी तिला पुन्हा सांगायला लावले, पण या वेळी फक्त डोळ्यांना दिसते तेवढेच: कोण उभे आहे, कोण बोलते आहे, खुलासा कोण देते आहे, भांडणानंतर घराबाहेर कोणाला पडावे लागले. सांगता सांगता ती थांबली आणि म्हणाली, “गावात तर तीच बुलेट चालवत होती.”

हे निरीक्षण फार मोलाचे होते. गावात जात, पैसा, घराणे सारे आर्चीच्या बाजूला आहे. भीती वाटायची ती परशाला. हैदराबादला भाषा परकी, माहेर तुटलेले आणि जवळचे माणूस एकच. माणसे तीच असूनही बळाचे पारडे फिरते, आणि त्यासाठी कोणी खलनायक असावे लागत नाही. ज्याला नाते टिकण्याची गरज तुलनेने कमी, त्याच्या हाती नात्याची सूत्रे जातात, असे समाजशास्त्रज्ञ विलर्ड वॉलर यांनी १९३८ मध्येच मांडले होते. ती गरज खरी असो वा मनाने धरलेली, परिणाम तोच होतो. “त्याच्यावाचून माझे कसे होणार” हे वाक्य मी म्हणूनच गांभीर्याने घेते.

पुढच्या भेटीत तिने स्वतःचे एक ताजे भांडण त्याच रीतीने सांगितले. कोल्हापूरहून ट्रेनिंग आटोपून यायला तिला उशीर झाला होता. तो आयर्विन पुलाजवळ गाडीवर बसून होता, हेल्मेटही काढले नव्हते. त्याने हात पुढे केला, तिने मोबाइल उघडून त्यावर ठेवला, आणि तो एकेक मेसेज वाचत असताना ती त्याच्यासाठी घेतलेला भडंगाचा पुडा धरून बाजूला उभी राहिली. वाचून झाल्यावर माफी तिनेच मागितली. मग त्याने जेवायला कुठे जायचे ते ठरवले. यात आरडाओरडा नव्हता, म्हणून तिच्या लेखी ते भांडणही नव्हते. मी एवढेच विचारले, की त्याचा मोबाइल तुम्ही कधी बघितलात का? “त्याचा लॉक मला माहीतच नाही,” ती म्हणाली.

माझ्या मते असमतोल भांडणांच्या संख्येवरून मोजू नये. भांडण मिटण्याची किंमत दरवेळी कोण मोजते आणि नकार दिल्यावर काय घडते, हे पाहावे. आपल्या अनेक सिनेमांत नायिकेचा नकार म्हणजे नायकाने पार करायचा अडथळा असतो, आणि ते बघत वाढलेल्या मुलामुलींना पाळत ठेवणे म्हणजेच काळजी घेणे वाटते, याचे मला मनापासून वाईट वाटते. तरीही सिनेमावरून कोणाच्या जोडीदारावर शिक्का मारणे मी कटाक्षाने टाळते. प्रसंग फक्त बोलण्याची वाट मोकळी करतो. पडताळणी प्रत्यक्ष वागण्यातच व्हावी लागते.

म्हणून आम्ही एक साधा, सुरक्षित नकार ठरवला: मोबाइल मागितला तर शांतपणे “आज नाही” म्हणायचे. तो काही दिवस बोलला नाही. नंतर तिच्या विनंतीवरून मला भेटायला आला. पुलाजवळचा तो प्रसंग मी त्यालाही सांगायला लावला, तेव्हा त्याची सुरुवात तिच्या उशिरापासून झाली आणि मोबाइल त्यात आलाच नाही. तो प्रामाणिकपणे गोंधळलेला होता, “मग मी काळजी करायचीच नाही का?” असे त्याने विचारले. काळजी असेल तर पोहोचलीस का, एवढे विचारून भागते, मेसेज वाचावे लागत नाहीत, हे मी त्याला सांगितले. ते त्याला लगेच पटले नाही. तिने साखरपुडा पुढे ढकलायचे ठरवले, आईला कारण स्वतः सांगितले आणि मोबाइलचा पासवर्ड बदलला. तो अधूनमधून एकटा माझ्याकडे येतो. पुलाजवळच्या त्या दिवसाविषयी आमचे बोलणे अजून चालू आहे.