मध्यमापेक्षा गॅदरिंग कामाला येईल

तुझं विचारणं दोनदा वाचलं. नाशिकरोडच्या शाळेच्या ऑफिसात सहा वर्षं नोकरी, पेटीची मध्यमा परीक्षा पूर्ण झालेली, नवऱ्याला लीड्सला सॉफ्टवेअरचं काम मिळालंय आणि इकडच्या शाळांत 'म्युझिक अॅडमिनिस्ट्रेटर' नावाची जागा असते असं कानावर आलंय. ती मिळेल का, मध्यमा चालेल का, आणि वडिलांच्या आजारपणात दोन वर्षं घरी होतीस ते लपवायचं का, असे तुझे तीन प्रश्न. तुला 'तू'च म्हणते, वीसेक वर्षांनी लहान आहेस. मी पंचवटीतली. इंग्लंडमधल्या एका माध्यमिक शाळेच्या संगीत विभागात आठ वर्षं हेच काम करतेय.

आधी व्हिसाचं उरकून टाकू. या नोकरीवर व्हिसा मिळत नाही. जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाला पदवीच्या पातळीचं काम लागतं आणि पगार सर्वसाधारणपणे ४१,७०० पौंड. शाळेतली कारकुनी दोन्हीत बसत नाही. कॉलेज रोडवरचा कुणी एजंट 'शाळेची स्पॉन्सरशिप काढून देतो' म्हणाला तर चहा पी आणि उठ. तू नवऱ्याची डिपेंडंट म्हणून येशील, म्हणजे तुला जवळजवळ कुठलंही काम करता येईल आणि शाळेला स्पॉन्सर व्हावं लागणार नाही. अर्जात हे स्पष्ट लिही, नाहीतर परदेशी नाव बघून फॉर्म बाजूला पडतो. व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार माणशी वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि सगळ्या मुदतीचा एकदम आधीच भरायचा असतो. कंपनी तुझाही भरणार का, हे नवऱ्याला आत्ताच विचारायला सांग. व्हिसासाठी टीबीची तपासणी ब्रिटिश सरकारने ठरवलेल्याच क्लिनिकमध्ये होते, घराजवळच्या डॉक्टरांचा एक्स-रे चालत नाही.

आता काम. नावात म्युझिक आहे, पण दिवसभरात माझ्या कानावर पडणारं संगीत म्हणजे बंद दारांतून एकाच वेळी येणारे तीन ड्रम आणि एक बेसूर क्लॅरिनेट. व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट शिकवणारे बहुतेक शाळेचे पूर्णवेळ शिक्षक नसतात. ते आठवड्यातून एखादा दिवस येतात, बाकीचे दिवस दुसऱ्या शाळांत. त्यांना सगळे 'पेरी' म्हणतात. एकेका मुलाला वीस-तीस मिनिटांचा तास, तोही शाळेच्या वेळात. एकाच मुलाला दर सोमवारी गणितातूनच उठवलं तर गणिताच्या बाई माझ्या दारात उभ्या. म्हणून तास दर आठवड्याला सरकवायचा: या सोमवारी ९.१०, पुढच्या ९.४०, त्याच्या पुढच्या १०.१०. अशी दोनशे मुलं धर, चौदा पेरी धर. त्यात कुणाची सराव परीक्षा, कुणाचा हॉकीचा सामना, आणि अकरावीच्या वर्गाला मे-जूनमध्ये जीसीएसई, म्हणजे इथली बोर्डाची परीक्षा, असते म्हणून त्यांना हातच लावायचा नाही. हे वेळापत्रक म्हणजेच नोकरी. बाकी सगळं त्याच्या कडेकडेने.

पहिल्याच वर्षी मी कशी आपटले ते सांगते. इथे पुष्कळ शाळांचं वेळापत्रक दोन आठवड्यांचं असतं, आठवडा 'ए' आणि आठवडा 'बी'. ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर शाळा 'बी'ने सुरू झाली आणि मी 'ए' धरून यादी लावली. सोमवारी सकाळी चेलोच्या बाई चाळीस मैल गाडी हाकत आल्या, खोलीत बसल्या, आणि मुलं सगळी पोहायला गेलेली! दुपारी बारा व्हायोलिनवाले एकाच वेळी बोळात हजर. बाईंना त्या दिवसाचे पैसे द्यावेच लागले, ते विभागाच्या खात्यातून गेले. कुणी आवाज चढवला नाही. नुसतं 'नॉट टू वरी' म्हणाले, आणि ते कसं म्हणतात हे तुला इथे आल्यावर कळेल. तेव्हापासून माझ्या टेबलावर 'ए' आणि 'बी'ची रंगीत पट्टी चिकटवलेली आहे.

म्हणून मध्यमाचं सांगते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा इथल्या शाळेत कुणाला ठाऊक नसतात. अर्जात 'विशारदच्या आधीची परीक्षा, वादन आणि शास्त्र दोन्ही' असं एका ओळीत लिही आणि पुढे जा. इथे एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या ग्रेड चालतात, एक ते आठ आणि त्याआधी एक 'इनिशियल'. १५० पैकी १०० ला पास, १२० ला मेरिट, १३० ला डिस्टिंक्शन. सहाव्या ग्रेडपासून वरच्या प्रॅक्टिकलला बसायचं तर आधी सहसा पाचव्या ग्रेडची थिअरी लागते. मार्चमध्ये एखादी आई फोन करून 'आमच्या मुलाला सातव्या ग्रेडला का बसवत नाही' म्हणून तापते, तेव्हा उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. एवढं पाठ असलं की मुलाखतीत निम्मं काम झालं.

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, मात्र थोडं शिकून ये. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ज्या गावात आश्रम काढला तिथून आपण आलो, त्यांची स्वरलिपी आपल्याला येते, पण इथे तिचा उपयोग नाही. वाजवता नाही आलं तरी चालेल. व्हायोलाची पानं व्हायोलिनच्या फाइलमध्ये जाऊ नयेत इतपत, म्हणजे ट्रेबल, आल्टो, बेस हे तीन क्लेफ, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची चिन्हं, बघून ओळखता यावेत. आणि क्लॅरिनेटवाला 'सी' वाजवतो तेव्हा पियानोचा 'बी फ्लॅट' ऐकू येतो, हे ऐकून दचकू नये. पेटीवर पांढरी चार, काळी पाच करत वाढलेल्या आपल्याला हे पटकन समजतं.

तुझं खरं भांडवल गॅदरिंग आहे. तू दोन ओळींत उरकलंस, 'गॅदरिंगचं बघते' म्हणून. अगं, कालिदास कलामंदिरची तारीख मिळवायची, साऊंडवाल्याला अॅडव्हान्स द्यायचा, भाड्याचे ड्रेस मोजून घ्यायचे आणि मोजून परत करायचे, चौथीच्या नाचात आपली मुलगी पुढच्या रांगेत का नाही म्हणून आलेल्या आईला बाहेरच्या बाकावर बसवून पाणी द्यायचं. माझं डिसेंबरातलं नाताळच्या गाण्यांचं कॅरल कॉन्सर्ट यापेक्षा वेगळं नसतं. चर्च बुक करायचं, पियानो ट्यून करायला माणूस बोलवायचा, बस सांगायची, खुर्च्या किती आणि स्टँड किती. हे अर्जात आकड्यांनी लिही: किती मुलं, किती कार्यक्रम, किती पालक, खर्चाचा हिशोब कुणी ठेवला. इथे 'हार्डवर्किंग' लिहिणारे शंभर येतात, चारशे मुलांचं गॅदरिंग पार पाडलेली एखादीच.

पगार नीट समजून घे, यात सगळे फसतात. जाहिरातीत लिहितात २५,०००, पण तो पूर्णवेळाचा, बावन्न आठवड्यांचा आकडा असतो. जागा असते आठवड्याला ३० तास आणि 'टर्म टाइम ओन्ली', म्हणजे शाळा चालू असते ते साधारण ३९ आठवडे, वर थोडी भरपगारी रजा. ३७ तासांचा पूर्ण आठवडा धरून हिशोब केला तर वर्षाला सतरा-साडेसतरा हजार, बारा हप्त्यांत. कर आणि पेन्शन त्यातूनच. जाहिरातीत 'प्रो राटा', म्हणजे कामाच्या प्रमाणात पगार, दिसलं की कॅल्क्युलेटर काढ. बदल्यात उन्हाळ्याचे सहा आठवडे तुझे. लहान मूल असेल तर त्याची किंमत पगारात मोजता येत नाही. घर मात्र या पगारावर चालत नाही, नवऱ्याच्या पगाराला जोड म्हणूनच बघ.

आणि अशा जागा थोड्या असतात. लहान शाळेत हे काम मुख्य ऑफिसच करतं. मोठ्या माध्यमिक शाळा आणि खासगी शाळांतच स्वतंत्र माणूस ठेवतात. जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागतो, तेव्हापासून तिथेही हात आखडता आहे. 'टेस' या शाळांतल्या नोकऱ्यांच्या साइटवर, सरकारच्या 'टीचिंग व्हेकन्सीज'वर आणि लीड्स कौन्सिलच्या साइटवर शोध, 'परफॉर्मिंग आर्ट्स' असंही टाकून बघ. जुलैच्या शेवटी आलात तर सप्टेंबरपर्यंत शाळेत फोन उचलायलाही कुणी नसतं. आधी साध्या रिसेप्शनची जागा मिळाली तर घे. मीही तशीच आत शिरले.

कागदपत्रांचं मनावर घे. पोलिस क्लिअरन्स नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रातूनच काढून ये, निघायच्या महिना-दीड महिना आधी. इथे डीबीएस नावाची गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी होते, पण तिच्यात भारतातलं काही दिसत नाही, म्हणून शाळा ते मागतात. दुसरं, शिफारसपत्र. लेटरहेडवर गोल शिक्का मारून हातात आणलेलं पत्र इथे चालत नाही. शाळा थेट तुझ्या मुख्याध्यापकांना ईमेल करते, तोही शाळेच्या अधिकृत पत्त्यावर. माझ्या वेळी सरांचा पत्ता होता जीमेलचा, त्यात मुलाच्या नावापुढे जन्मसाल. इथल्या बाईंनी तीन आठवडे तो खरा मानायचं नाकारलं. सरांना आत्ताच सांग, आणि मेल उघडून उत्तर देणार कोण तेही ठरव, कारण सर स्वतः देणार नाहीत.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: एखादं मूल तुला म्हणालं, 'एक सांगते पण कुणाला सांगू नका', तर काय करशील? आपण नाशिकला 'नाही सांगणार हं' म्हणून जवळ घेतलं असतं. इथे तसं वचन द्यायचंच नाही. ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि त्याच दिवशी बालसुरक्षेचं बघणाऱ्या शिक्षकांना सांगायचं. सरावाच्या खोल्यांच्या दारांना काच असते तीही याचसाठी. तिच्यावर कॉन्सर्टचं पोस्टर चिकटवू नकोस. मी चिकटवलं होतं.

पेटी आणावी का, हेही शेवटी विचारलंयस. आण, पण विमानात सामानात टाकताना भात्याला आधार दे, आणि आल्यावर हीटरपासून लांब ठेव. कोरड्या हवेत लाकूड आणि कातडं दोन्ही आक्रसतं. माझ्या पेटीचा एक सूर पहिल्या हिवाळ्यातच सतत वाजायला लागला आणि दुरुस्तीला माणूस मिळेना.

राहिलं दोन वर्षांचं. लपवू नकोस. शाळेच्या फॉर्ममध्ये शिक्षण संपल्यापासूनचा प्रत्येक महिना मांडावा लागतो, नुसता सीव्ही घेत नाहीत, आणि मध्ये मोकळी जागा दिसली की मुलाखतीत विचारतातच. 'वडिलांची शुश्रूषा' आणि महिना-वर्ष, एवढं पुरतं. लपवलेलं सापडलं तर नोकरी जाते. फॉर्म भरलास की पाठव, तो रकाना मी आधी बघते.