आयर्लंडवर पीएचडी करताना संस्कृती, अर्थव्यवस्था आणि इतिहास तिन्ही एकत्र घेता येतं का?

येतं, पण तिन्ही विषय सरसकट घेऊ नका, गाईड पहिल्याच मीटिंगला प्रपोजल परत देतील. एकच प्रश्न पकडा ज्यात हे तिन्ही आपोआप येतात, उदा. १८४५ नंतरचा बटाट्याचा दुष्काळ आणि त्यातून सुरू झालेलं स्थलांतर, यात शेतीची मालकी, ब्रिटिश धोरण, आयरिश भाषेची पीछेहाट सगळंच येतं.

मटेरियलचं आधी बघा. १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनचं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस जळालं आणि शेकडो वर्षांची कागदपत्रं गेली (अजूनही वाईट वाटतं), त्यात जुन्या जनगणनांचे कागदही जळाले आणि काही दशकांचे सरकारनेच आधी नष्ट केले होते, त्यामुळे संपूर्ण देशाची जनगणना १९०१ पासूनचीच शिल्लक आहे, १९०१ आणि १९११ ची मात्र घरबसल्या फुकट बघता येते. लोकसंस्कृतीसाठी १९३७-३९ मध्ये शाळकरी मुलांनी घरातल्या म्हाताऱ्यांकडून लिहून घेतलेल्या गोष्टी, उपाय, आठवणी आहेत, त्याही ऑनलाईन, आणि माझ्या मते हा खजिना अर्थशास्त्रवाल्यांनीसुद्धा वाचायलाच हवा.

आजच्या अर्थव्यवस्थेवर काम असेल तर नुसत्या जीडीपीवर विसंबू नका. २०१५ ला तो एकदम २६ टक्क्यांच्या आसपास वाढलेला दिसला, कारण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली, लोकांची कमाई काही तेवढी वाढली नव्हती. म्हणून तिथलं सांख्यिकी कार्यालय २०१७ पासून सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा आकडा देतं, तुलना करताना तोच वापरा.

आणि थोडी आयरिश शिकायला आत्ताच सुरुवात करा, कारण त्या मुलांच्या बऱ्याच वह्या आयरिशमध्येच आहेत.